वडिलांची १९६५ची बीटल चोरीला गेली आहे, मदत हवी (अपडेट : सापडली, पण अर्धीच)

गिअरलिव्हर
३ मार्च, सकाळी ८:१०

काल रात्री आमची बीटल चोरीला गेली. लिहिताना हात थरथरतोय, काही राहिलं तर विचारा.

गाडी १९६५च्या मॉडेलची फोक्सवॅगन बीटल, १२०० सीसी, सहा व्होल्टची. रंग फिकट निळा. वडिलांनी ती जुनीच विकत घेतली होती आणि पुढची तीस वर्षं तिला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. व्हॉल्व्ह सेटिंगपासून पत्र्याला वेल्डिंगचे टाके मारण्यापर्यंत सगळं घरीच. ते गेले त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून दर रविवारी मी ती बाहेर काढतो, अर्धा तास फिरवतो, परत आणून झाकून ठेवतो. मला वडिलांइतकं काम येत नाही, पण तिचा आवाज बदलला की कळतं.

रात्री साडेअकराला खिडकीतून बघितली तेव्हा जागेवर होती. सकाळी सहाला कव्हर कुंपणावर टाकलेलं आणि जागा रिकामी. खाली त्रिकोणी काचेच्या रबराचा तुकडा पडला होता, म्हणजे तिथूनच हात घालून दार उघडलं. आवाज कुणालाच आला नाही. बीटल चालू झाली असती तर आम्हाला जाग आलीच असती, तेव्हा ढकलत नेली असणार.

पोलिसांत तक्रार दिली आहे. ट्रॅकर नव्हता. पुढच्या काही तासांत काय करू?

तेलकटहात
३ मार्च, सकाळी ८:४५

आजूबाजूला दोन-तीन किलोमीटरपर्यंत फिरून बघा. मोठ्या इमारतींची पार्किंगं, मैदानांच्या कडा, जिथे उभी गाडी कुणाच्या डोळ्यांत भरत नाही अशा जागा. चोर बरेचदा गाडी थेट ठिकाणावर नेत नाहीत. एक-दोन दिवस कुठेतरी उभी करून लांबून बघतात, ट्रॅकरच्या मागावर कुणी येतंय का. आज आणि उद्याचा दिवस त्यासाठी घालवा. चार मित्रांना बरोबर घ्या.

दुसरं, तक्रारीची प्रत हातात घ्या आणि चेसिस नंबर एकेका आकड्यावर बोट ठेवून मूळ कागदाशी ताडून बघा. हे आजच करा. १९७० साली फिलाडेल्फियात एका तरुणाची ऑस्टिन-हीली चोरीला गेली. बेचाळीस वर्षांनी, २०१२मध्ये, त्यानंच ती ईबेवरच्या जाहिरातीत ओळखली. मूळ कागद आणि चावी दोन्ही त्याच्याजवळ होतं. तरी चोरीच्या नोंदींत गाडी सापडेना, कारण नंबर चढवतानाच चूक झाली होती. तेवढ्या एका चुकीनं ती गाडी इतकी वर्षं बिनधास्त फिरली.

बाकी चोरी कशी झाली याचा आत्ता विचार करू नका. या काळातल्या गाडीला बॅटरीपासून कॉइलपर्यंत एक वायर दिली की चावीचं काम संपतं. तुमच्या हातून काही राहिलं असं मनात आणू नका.

सांजवेळ
३ मार्च, सकाळी ९:०२

वाचून पोटात कालवलं. तुमच्या वडिलांच्या टूलबॉक्सचा फोटो तुम्ही मागे इथे टाकला होता, अजून आठवतो. गाडी मिळेल. आम्ही सगळे डोळे उघडे ठेवतो.

विमापत्र
३ मार्च, सकाळी ११:३०

विमा कंपनीला आजच लेखी कळवा. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. दाव्याचे पैसे घेऊन कागदांवर सह्या केल्यात की साधारणपणे गाडीवरचा हक्क कंपनीकडे जातो. उद्या गाडी सापडली तर ती कंपनीची. परत हवी असेल तर त्यांच्याकडून घ्यावी लागते, आणि काही ठिकाणी ती सरळ लिलावात जाते.

१९६९ साली न्यू यॉर्कमध्ये एकाची जवळजवळ नवी कॉर्व्हेट चोरीला गेली. सदतीस वर्षांनी ती कॅलिफोर्नियात, स्वीडनला जायच्या वाटेवर सापडली. त्याच्याकडे चोरीचा विमा नव्हता, म्हणून हक्क त्याच्याचकडे राहिला आणि गाडी त्याला मिळाली. विमा घेऊ नका असं मी म्हणत नाही, माझा तर तोच व्यवसाय आहे. पण सही करण्याआधी विचारा : गाडी सापडली तर मला आधी विचारणार का? हे लेखी घ्या.

पॉलिसी ठरलेल्या किमतीची (गाडीची किंमत आधीच ठरवून घेतलेली) आहे की बाजारभावाची? क्लासिक गाडीच्या बाबतीत या दोन्हींत फार फरक पडतो. बाजारभावाच्या पॉलिसीत तुमच्या बीटलकडे एक जुनी, झिजलेली गाडी म्हणून बघितलं जाईल.

गिअरलिव्हर
३ मार्च, रात्री १०:२०

तेलकटहात दादा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. तक्रारीत नंबर चुकला आहे.

आमचा नंबर नऊ आकडी, ११५ने सुरू होणारा. मध्ये दोन शून्यं लागोपाठ आहेत. तक्रार लिहून घेणाऱ्यानं एकच शून्य लिहिलं आणि घाईत मीही न बघता सही केली. संगणकात आठ आकडी नंबर चढला होता. संध्याकाळी परत जाऊन दुरुस्त करून घेतला आणि दुरुस्तीची प्रत घेऊनच बाहेर पडलो.

दिवसभर नऊ जण फिरलो. काही नाही.

पॉलिसी बाजारभावाची आहे. सह्या करणार नाही.

तेलकटहात
३ मार्च, रात्री ११:०५

नवीन वाचणाऱ्यांसाठी : आजच्या गाड्यांना अक्षरं-आकडे मिळून सतरा जागांचा नंबर असतो. ही पद्धत १९८१च्या मॉडेलपासून रुळली. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं घेतच नाहीत, एक आणि शून्याशी गोंधळ होऊ नये म्हणून. त्याआधी प्रत्येक कंपनीची आपापली तऱ्हा. बीटलच्या या नंबरात ११ म्हणजे गाडीचा प्रकार आणि पुढचा ५ म्हणजे १९६५चं मॉडेल. आठ आकडे आले की एक हरवला हे जाणकाराला कळतं, पण सतराची सवय लागलेल्या माणसाला नऊ काय आणि आठ काय, दोन्ही अपुरेच वाटतात.

आता खुणांकडे वळा. बीटलमध्ये चेसिस नंबर मागच्या सीटखाली, मधल्या टनेलवर (तळाच्या मधोमध असलेल्या उंचवट्यावर) ठोकलेला असतो. म्हणजे तो फ्लोअरवर, गाडीच्या तळाच्या भागावर असतो, बॉडीवर नाही. बॉडी फ्लोअरवर बोल्टनं बसवलेली असते. चौघं-पाच जण मिळून ती उचलून बाजूला ठेवू शकतात. इंजिन चार बोल्टांत खाली येतं, मडगार्डं बोल्टांवरच असतात. ही गाडी दुरुस्तीला जितकी सोपी तितकीच ओळख पुसायलाही सोपी. म्हणून नंबरावर विसंबू नका. वडिलांनी केलेल्या प्रत्येक कामाचा फोटो शोधा. तडा, टाका, चुकीचा स्क्रू, काहीही चालेल.

आणि सगळ्या खुणा इथे लिहू नका. हा धागा चोरही वाचू शकतो. दोन-तीन इथे द्या, बाकीच्या फोटोंसह पोलिसांकडे.

गिअरलिव्हर
४ मार्च, रात्री १:४०

झोप लागत नव्हती म्हणून जुने अल्बम काढले. वडील प्रत्येक कामाआधी आणि कामानंतर फोटो काढायचे. लहानपणी मला वाटायचं की आमचे सुट्टीतले फोटो कमी आणि गाडीच्या पोटातले जास्त का.

इथे दोन खुणा देतो. पहिली, फिकट रंगाच्या स्टिअरिंगला कडेवर तीन बारीक तडे आहेत. दोन जवळजवळ, तिसरा बोटभर लांब आणि थोडा तिरका. ही जुनी प्लॅस्टिकची कड उन्हानं तडकते. वडिलांनी ते भरायला ठाम नकार दिला होता. दुसरी, डाव्या त्रिकोणी काचेची कडी मूळची नाही, जरा मोठी आहे. दोन्हींचे फोटो खाली जोडले आहेत.

बाकीच्या खुणा पोलिसांना दिल्या.

अक्षांश
४ मार्च, सकाळी १०:१५

पुढच्या वेळेसाठी म्हणून नाही, ज्यांच्या गाड्या आज घरी आहेत त्यांच्यासाठी लिहितो. नुसता जीपीएस ट्रॅकर पुरत नाही. त्याला आकाश दिसावं लागतं, आणि लोखंडी कंटेनरमध्ये गाडी गेली की तो मुका होतो. शिवाय सिग्नल अडवणारे जॅमर मिळतात. व्हीएचएफ रेडिओवर चालणारा ट्रॅकर भिंतीआड आणि तळघरातही बऱ्यापैकी पकडता येतो, म्हणून शक्य असेल तर दोन प्रकारचे बसवा, आणि दुसरा सहज हाताला लागणार नाही अशा जागी. सहा व्होल्टच्या गाडीत बारा व्होल्टचं यंत्र चालणार नाही, तेव्हा स्वतःची बॅटरी असलेला घ्या.

डिस्ट्रिब्युटरमधली रोटर आर्म (प्लगांना ठिणगी वाटून देणारा छोटा तुकडा) काढून खिशात ठेवणं हा जुना उपाय आहे आणि चांगला आहे, पण तो फक्त चालवत नेणाऱ्याला थांबवतो. ढकलून ट्रेलरवर चढवणाऱ्याला नाही. त्याच्यासाठी चाकाला जॅमर किंवा जमिनीत गाडलेल्या कड्याला साखळी.

सांजवेळ
९ मार्च, संध्याकाळी ६:३०

काही कळलं का?

गिअरलिव्हर
९ मार्च, रात्री ९:००

नाही. रविवार होता. सकाळी सवयीनं किल्ली हातात घेतली आणि तसाच बसून राहिलो.

रानवाटा
२ एप्रिल, दुपारी ३:२०

धीर सोडू नका. फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर गेरहार्ड बर्गर याची लाल फेरारी एफ५१२एम १९९५ साली इमोलाच्या शर्यतीच्या वेळी चोरीला गेली होती. लंडनच्या पोलिसांनी ती २०२४मध्ये परत मिळवली. चोरीनंतर ती जपानला गेली आणि तिथून २०२३च्या शेवटी ब्रिटनमध्ये आली. एक अमेरिकी गिऱ्हाईक ती घ्यायला निघालं, फेरारी कंपनीनं नंबर तपासला आणि चोरी उघडी पडली. पुढे चार दिवसांत गाडी पोलिसांच्या ताब्यात.

आणखी एक. १९६८ साली न्यू यॉर्कहून गेलेली जॅग्वार ई-टाइप २०१४मध्ये लॉस एंजेलिसच्या बंदरात सापडली, नेदरलँड्सला निघालेल्या कंटेनरमध्ये. सेहेचाळीस वर्षांनी.

दोन्ही गाड्या सापडल्या त्या हात बदलताना. चोरीची गाडी गुपचूप उभी असेपर्यंत कुणाला दिसत नाही. विकायला काढली, सीमेपलीकडे पाठवायची ठरली की कागद आणि नंबर समोरासमोर येतात. म्हणून मी रोज सकाळी जाहिराती बघतो. बीटल म्हटली की थांबतो, रंग कुठलाही असो.

रानवाटा
१९ जुलै, सकाळी ७:०५

गिअरलिव्हर, तातडीनं निरोप बघा. इथे लिंक देत नाही.

तेलकटहात
१९ जुलै, सकाळी ८:३०

रानवाटानं मलाही फोटो पाठवले. गाडी लाल आहे, नुकतीच रंगवलेली, जाहिरातीत मॉडेल १९६८ लिहिलंय. पण आतल्या फोटोत स्टिअरिंग दिसतं. मी तो फोटो आणि गिअरलिव्हरचा जुना फोटो शेजारी ठेवून अर्धा तास बघत होतो. दोन तडे जवळजवळ, तिसरा बोटभर लांब आणि तिरका. पत्रा रंगवणाऱ्यानं बहुतेक "ओरिजिनल" स्टिअरिंगला भाव येतो म्हणून हात लावला नाही.

तरी एक सांगतो, उतावीळ होऊ नका. नुसतं स्टिअरिंग म्हणजे गाडी नव्हे. एक नट काढला की ते दुसऱ्या गाडीला बसतं. कुणी सुटं विकत घेतलेलं असू शकतं.

दुसरी गोष्ट मात्र मला जास्त महत्त्वाची वाटते. १९६८च्या मॉडेलच्या बीटलला पेट्रोल भरायचं झाकण बाहेर असतं, पुढच्या उजव्या बाजूच्या पत्र्यावर. त्याआधीच्या गाड्यांत पुढचं बॉनेट उघडून पेट्रोल भरावं लागतं. जाहिरातीतल्या गाडीचा उजव्या बाजूचा स्वच्छ फोटो आहे आणि पत्रा कोरा आहे. कागद १९६८चा असेल, तर बॉडी त्या कागदाची नाही.

विमापत्र
१९ जुलै, सकाळी ९:१०

गिअरलिव्हर, कळकळीची विनंती. विकणाऱ्याला फोन करू नका, "ही माझी गाडी" असं तर मुळीच नाही. एकट्यानं बघायला जाऊ नका. पैसे देऊन सोडवून आणू असा विचार मनात येईल, तोही नको. जाहिरातीचं पान तारीख-वेळ दिसेल असं जतन करा, सगळे फोटो मोठ्या आकारात उतरवून घ्या, आणि तपास करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. जाहिरात दुपारपर्यंत नाहीशी होऊ शकते.

गिअरलिव्हर
२२ जुलै, रात्री ११:४५

तीन दिवसांत इतकं घडलं की क्रमानं लिहितो.

पोलिसांनी विकणाऱ्याला गाठलं. तो चोर नाही. दोन महिन्यांपूर्वी त्यानं गाडी तिसऱ्याच माणसाकडून घेतलेली. त्याच्याकडे कागद होते, टनेलवरचा नंबर कागदांशी तंतोतंत जुळत होता. ११८ने सुरू होणारा. तज्ज्ञानं बघून सांगितलं की नंबर कारखान्यातच ठोकलेला आहे, घासलेला नाही, पुन्हा मारलेला नाही. अधिकारी मला म्हणाले, "नंबर खरा, कागद खरे. ही तुमची गाडी नाही."

त्या क्षणी पाय गळाले. गाडी माझ्यासमोर उभी होती. लाल रंगाखाली तिचा आकार मला दिसत होता आणि कागद सांगत होता की ती दुसरीच आहे.

मग मी पेट्रोलच्या झाकणाचं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं, पण म्हणाले, यानं एवढंच कळतं की बॉडी बदलली. ती तुमच्याच गाडीची, हे कशावरून?

तेव्हा मी इथे न लिहिलेली खूण सांगितली. डाव्या दाराचं आतलं पॅड काढा. काचेचं मशीन जिथे बसतं त्याच्या शेजारच्या पत्र्यावर वडील पेन्सिलीनं तारखा लिहायचे. मशीनला ग्रीस लावलं की तारीख, काच अडकली की तारीख. तीस वर्षांच्या नोंदी. पोलिसांकडे मी मार्चमध्येच त्याचा फोटो दिला होता.

पॅड काढलं. आतला पत्रा रंगवलेलाच नव्हता. फिकट निळा. त्यावर एकाखाली एक अकरा तारखा, वडिलांच्या अक्षरात. सर्वांत खालची नोंद त्यांच्या शेवटच्या वर्षातली, अक्षर थोडं कापरं.

मला पुढचं काही वेळ आठवत नाही. अधिकाऱ्यांनी खुर्ची दिली.

सांजवेळ
२३ जुलै, सकाळी ६:५०

रडू आलं वाचून. काकांनी स्वतःच स्वतःची गाडी परत आणली.

तेलकटहात
२३ जुलै, सकाळी ८:१५

दारही बदलता येतं असं कुणीतरी उद्या म्हणेल, म्हणून बॉडीला कायमचं जोडलेलंही काही दाखवून ठेवा. हीटर चॅनेलला (बॉडीच्या खालच्या कडेच्या, गरम हवा नेणाऱ्या पोकळ पट्टीला) वडिलांनी पॅच मारला होता ना? त्याचे टाक्यांचे फोटो आहेत? टाका मारणाऱ्याचा हात अक्षरासारखाच असतो. दोन फोटो जुळले तर वादच संपतो.

एखादी जुनी बीटल बघायला जाल तेव्हा नंबर जुळला म्हणून थांबू नका, हे सर्वांसाठी लिहितो. फ्लोअर आणि बॉडीच्या मधलं पॅकिंग बघा. पन्नास वर्षांच्या गाडीत ते कडक, चिरलेलं असतं. नवंकोरं आणि लवचीक असेल तर बॉडी कधी उचलली, का उचलली, ते विचारा. त्याची बिलं, फोटो मागा. प्रामाणिकपणे रिस्टोअर करणारा माणूस असे शंभर फोटो आनंदानं दाखवतो. बोल्टांची डोकी चकचकीत आहेत का बघा. दारांच्या आत, सीटखाली, पुढच्या झाकणाच्या कडेला मूळ रंग शोधा. लांबीचा (पुट्टीचा) जाड थर नव्या पत्र्यावर कुणी उगाच देत नाही.

आणि नंबर घासलेला असला तरी सगळं संपत नाही. आकडा ठोकताना त्याच्याखालचं पोलाद खोलवर दाबलं जातं. वरचा थर घासून गुळगुळीत केला तरी आम्ल लावल्यावर दाबलेला आणि न दाबलेला भाग वेगळा झिजतो आणि आकडा पुन्हा दिसू लागतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळांत हे रोजचं काम आहे.

गिअरलिव्हर
२६ जुलै, संध्याकाळी ७:२०

हीटर चॅनेलचा पॅच जुळला. बारा टाके, तिसरा आणि चौथा एकमेकांवर चढलेले. बॉडी आमचीच असल्याचं लेखी मान्य झालं.

फ्लोअर मात्र आमचं नाही. म्हणजे आमचा नंबर ज्यावर आहे तो भाग आणि इंजिन अजून कुठेतरी आहेत. आणि गाडीखाली आत्ता जे आहे ते कुणाच्यातरी दुसऱ्या, कदाचित भंगारात गेलेल्या बीटलचं.

लालबीटल
२८ जुलै, रात्री १०:३०

नमस्कार. या धाग्यासाठीच सदस्य झालो. गाडी ज्याच्याकडे सापडली तो मी.

मी चोरी केलेली नाही आणि माहीत असतं तर घेतली नसती. घेताना सीट उचलून नंबर बघितला होता, कागदांशी जुळवला होता. मला वाटलं होतं, एवढं केलं की माणूस सुरक्षित. पेट्रोलच्या झाकणाचं मला ठाऊकच नव्हतं. विकायला काढली कारण हातात अडचण आली. साठवलेले पैसे गेले. ज्याच्याकडून घेतली त्याचा फोन बंद आहे.

दाराचं पॅड मीच काढलं, स्क्रूड्रायव्हर माझ्याच हातात होता. आतल्या तारखा बघितल्यावर वाद घालावासा वाटला नाही. गिअरलिव्हर, तुमची माफी मागायला आलो.

गिअरलिव्हर
२८ जुलै, रात्री ११:१०

माफी तुम्ही मागायची नाही. तुम्ही त्या दिवशी पॅड अलगद काढलंत, क्लिपा तुटू दिल्या नाहीत, ते मी बघितलं. तुमचंही नुकसान झालं आहे. ज्यानं विकली त्याच्याविरुद्ध तुमची तक्रार झाली का? नसेल तर उद्याच करा, मी बरोबर येतो.

विमापत्र
२९ जुलै, सकाळी १०:००

लालबीटल, तुमच्या जागी अनेक जण असतात आणि त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. कायदा देशागणिक वेगळा. बऱ्याच ठिकाणी मूळ तत्त्व असं की चोराकडे मालकी नसते, म्हणून तो ती पुढेही देऊ शकत नाही. तुम्ही कितीही प्रामाणिक असलात तरी. जर्मनीत प्रामाणिकपणे दहा वर्षं वस्तू बाळगली तर मालकी मिळू शकते, अशी तरतूद आहे. तेव्हा काळ कुणाच्या बाजूनं धावतो हे त्या त्या ठिकाणच्या वकिलाला विचारलंच पाहिजे.

याचं मोठं उदाहरण १९३८च्या टॅल्बो-लागो टी१५०सीचं. २००१ साली अमेरिकेतल्या मिलवॉकीत ती सुट्या भागांच्या अवस्थेत ट्रकमध्ये भरून नेली. कागदपत्रांसह. पंधरा वर्षांनी एका खरेदीदारानं नोंदणी करायला घेतली तेव्हा नंबर चोरीच्या यादीत निघाला. मुदत उलटली म्हणून मूळ मालकाच्या वारसांचा दावा आधी फेटाळला गेला. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२०मध्ये तो पुन्हा उभा केला. गाडी परत द्यायला नकार देणं ही वेगळी, नवी कृती धरता येते, असा तो विचार होता. सांगायचं कारण, तक्रार जिवंत ठेवा. दोघांनीही.

अक्षांश
२९ जुलै, दुपारी १:१५

एक प्रश्न मनापासून विचारतो, दुखवायचा हेतू नाही. फ्लोअर दुसरं, इंजिन दुसरं, रंग दुसरा. ही तीच गाडी आहे का?

तेलकटहात
२९ जुलै, दुपारी २:४०

नोंदणीच्या दृष्टीनं नाही. नंबर जिथे, गाडी तिथे. लिलावात "मॅचिंग नंबर्स" (मूळ जुळणारे चेसिस आणि इंजिन नंबर) नसलेल्या गाडीची किंमत उतरते आणि ते योग्यच आहे, कारण घेणाऱ्याला मूळ वस्तू हवी असते. पण मी इतकी वर्षं या गाड्या उघडल्यात, मला वाटतं की माणसाचा हात जिथे लागला ते तिचं खरं अंग. फ्लोअर गंजतं, बदलावंच लागतं. कित्येक इमानदार गाड्यांत इंजिन तिसरं-चौथं असतं. दारातल्या तारखा दुसरीकडून आणता येत नाहीत.

गिअरलिव्हर
१७ ऑगस्ट, सकाळी ९:३०

काल गाडी घरी आली. चालवत नाही, ट्रेलरवर. नोंदणी कार्यालयाचं म्हणणं, बॉडी माझी म्हणून ताब्यात ठेवा, पण तिच्याखालचं फ्लोअर तपास संपेपर्यंत पुरावा आहे, तेव्हा रस्त्यावर काढायची नाही. विमा कंपनीशी बोलणं झालं. दावा मागे घेतला, फक्त नुकसानीपुरता ठेवला. विमापत्र, तुम्ही वेळेवर सांगितलं नसतं तर मार्चमध्येच सह्या करून बसलो असतो.

लालबीटल काल मदतीला आले होते. दिवसभर दोघांनी मिळून डाव्या मडगार्डवरचा लाल रंग थोडा थोडा उतरवला. खाली निळा आहे. पूर्ण उतरवायला वर्ष लागेल, घाई नाही. डाव्या दाराला पॅड परत लावलेलं नाही. तारखांवर पारदर्शक फिल्म लावून घेतली आहे आणि काचेच्या मशीनला ग्रीस लावलं. वडिलांच्या शेवटच्या तारखेखाली कालची तारीख लिहिली.

प्रशासकांना विनंती, धागा बंद करू नये. ११५ने सुरू होणारा नंबर असलेलं फ्लोअर अजून सापडायचं आहे. पूर्ण नंबर पोलिसांकडे आणि चोरीच्या नोंदीत आहे, नऊच्या नऊ आकडे मी स्वतः ताडून बघितलेत. त्या फ्लोअरच्या उजव्या बाजूला, बॅटरीच्या जागेखाली, वडिलांनी मारलेला तळहाताएवढा चौकोनी पॅच आहे. एक कोपरा गोल कापलेला. जुन्या बीटलचं काम करताना मागची सीट उचललीत आणि असा पॅच दिसला, तर मला निरोप टाका. फोटो या पोस्टखाली जोडतोय.